उद्यापासून येऊ नका

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. अनेकींच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दरवर्षी या दिवशी आपण कोणाला तरी चार शब्द बोलायला सांगतो. आजवर बालसंगोपनावर झाले, आहारावर झाले, बचतीवर झाले. यंदा समितीने माझे नाव सुचवले, तेव्हा मी एक अट घातली. विषय माझा मी निवडीन, आणि तो ऐकायला फारसा गोड नसेल. अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "फराळ गोड आहे, भाषण तिखट चालेल." त्या भरवशावर मी उभी आहे.

माझा विषय आहे माणसाला कामावरून काढून टाकणे. आपण म्हणाल, हा विषय कारखान्याचा, युनियनचा. महिला मंडळात त्याचे काय काम? मलाही वर्षापूर्वी असेच वाटले असते. परंतु गेल्या दिवाळीत आपल्याच फराळ विभागात जी गोष्ट घडली, ती माझ्या हातून घडली. म्हणून आज आधी ती सांगते.

आपल्या फराळ विभागात रोजावर काम करणाऱ्या सात बाया आहेत. त्यांतल्या एक तीन वर्षांपासून आपल्याकडे चकली पाडतात. हात असा की चकलीचा एक वेढा कमी नाही की जास्त नाही. धनत्रयोदशीच्या आधी, ऐन घाईत, त्या दोन दिवस आल्या नाहीत. एका दुकानाची मागणी वेळेवर गेली नाही, आणि दुकानदाराने मला फोनवर चार शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी चिटणीस या नात्याने त्यांना म्हटले, "उद्यापासून येऊ नका."

त्यांनी एकच विचारले, "ताई, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

मी म्हटले, "समितीने ठरवले आहे."

भगिनींनो, समितीची बैठकच झाली नव्हती. मी खोटे बोलले. बाईंनी कमरेचा पदर सोडला, कढईजवळ ठेवलेला आपला डबा उचलला आणि त्या गेल्या. उरलेल्या सहा जणी मान खाली घालून पीठ मळत राहिल्या. त्या दिवशी कोणी एक शब्द बोलले नाही. मला वाटले, शिस्त लागली. ती शिस्त नव्हती, भीती होती, हे कळायला मला रात्र व्हावी लागली.

त्या रात्री मला माझी आई आठवली.

माझे माहेर तिरोडा तालुक्यातले. तेव्हा आपला गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. धानाची शेती पावसाच्या हवाली, आणि बाकीचे महिने घराला आधार बिडीचा. आमच्या गल्लीत दुपारी प्रत्येक ओसरीवर एक बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली दिसे. तेंदूचे पान ओले करायचे, कात्रीने मापात कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर. संध्याकाळी बिड्या घेऊन सट्टेदाराच्या घरी जायचे. तो मोजून घेई, हाताला न पटलेल्या बाजूला टाकी, आणि त्या टाकलेल्या बिड्यांचे पैसे देत नसे. पण बिड्या परतही देत नसे. हा हिशेब मला लहानपणी कधी समजला नाही, आणि अजूनही समजत नाही.

१९७६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. आईने एक दिवस सट्टेदाराला विचारले, की टाकलेल्या बिड्या आमच्या, तर आम्हाला परत का देत नाही? तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आईला पाने दिली नाहीत. म्हणाला, आज माल कमी आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. आठ दिवसांनी आईने विचारले, "काहून बंद केलं जी?" तेव्हा तो म्हणाला, "मी कुठे बंद केलं? पानंच येत नाहीत." शेजारणीला मात्र पाने मिळत होती.

आई मला बरोबर घेऊन बसने कारखान्याच्या कचेरीत गेली. तिथल्या मुनीमजींनी वही उघडली. तिचे नाव वहीत नव्हते. सहा वर्षे तिने वळलेल्या बिड्या सट्टेदाराच्या घरातल्या कोणाच्या तरी नावावर चढत होत्या. मुनीमजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, तू आमची मजूर नाहीस. सट्टेदाराला विचार." आणि सट्टेदार म्हणे, "मी कसला मालक? मी तर कमिशनचा धनी. मालकाला विचार."

म्हणजे आईला कोणी काढलेच नव्हते! काढायला कोणीतरी ठेवलेले असावे लागते. ती दोघांच्या मध्ये नुसती गळून पडली.

मोठेपणी, शाळेत नोकरी करीत असताना, मी या प्रश्नावर जे मिळेल ते वाचत गेले. तेव्हा कळले की आईचा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेक वेळा जाऊन आला होता. त्यातल्या दोन-चार गोष्टी सांगते, कारण त्या आपल्या भागाशी जवळच्या आहेत.

१९५८ साली सागरच्या एका बिडी कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात निघाला. तिथल्या सट्टेदारांना कारखान्याचे कामगार मानावे की नाही, असा वाद होता. न्यायालयाने म्हटले, ते स्वतंत्र ठेकेदार आहेत, कामगार नव्हेत. पुढे डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून गेलेल्या एका बिडी कारखान्याच्या खटल्याचा निकाल लागला. तिथे माणसे कारखान्यात बसून बिड्या वळत. मालकाचे म्हणणे असे की ही माणसे वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात, मजुरी नगावर घेतात, तेव्हा हे आमचे नोकर कसले? न्यायालयाने बारकाईने पाहिले. हजेरी लागत होती. दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नव्हते. माप न जुळणारी बिडी नाकारली जात होती. आणि आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याला काढता येत होते. न्यायालय म्हणाले, हे कामगारच आहेत, आणि त्यांना रजेचा पगार मिळाला पाहिजे.

मी तो निकाल वाचला तेव्हा माझे लक्ष त्या आठ दिवसांवर खिळले. ज्याला तुम्ही काढू शकता, तो तुमचा माणूस आहे! काढण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवायचा आणि मालकपण मात्र दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे, हे जमणार नाही. माझ्या आईला आठ दिवस पाने न देणारा जो कोणी होता, तोच तिचा मालक होता. परंतु सरळ वाट कुठेच नव्हती. त्यानंतर थोड्याच काळात दुसऱ्या एका बिडी कामगाराच्या खटल्यात न्यायमूर्तींच्या बहुमताने उलटा निर्णय दिला. मग १९६४ साली मद्रासकडच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले, की मधले ठेकेदार हे नावाचेच; खरा मालक बिडीचा व्यापारी. असा हा झोका इकडून तिकडे जात राहिला.

शेवटी संसदेने १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. त्यात 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत घरी बसून वळणारी बाई स्पष्ट शब्दांत घातली. मग तिला पाने मालकाने दिलेली असोत की ठेकेदाराने. आणि त्याचे ३१ वे कलम तर मला पाठ आहे. त्याचा सरळ अर्थ असा: सहा महिने काम केलेल्या कोणालाही सबळ कारणावाचून काढता येणार नाही. एक महिन्याची नोटीस द्यावी, नाही तर एक महिन्याची मजुरी द्यावी. गैरवर्तनाचा आरोप असेल तर चौकशी करून पुरावा नोंदवावा. आणि काढलेल्या माणसाला वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येईल. मालकाकडे दहा माणसे की हजार, हे त्या कलमाने विचारले नव्हते. कायद्याविरुद्ध मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण १९७४ साली न्यायालयाने तो कायम केला. १९८५ साली तर घरी वळणाऱ्या कामगारांना प्रॉव्हिडंट फंडाचाही हक्क आहे, असा निकाल झाला. त्यातले एक कारण असे की बिडी नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, आणि नापसंतीचा अधिकार म्हणजे ताबा. आईने सट्टेदाराला विचारला तोच प्रश्न, भगिनींनो, फक्त कोर्टाच्या भाषेत!

आपण विचाराल, मग आईला न्याय का मिळाला नाही? १९७६ साली तर कायदा होता. होता; पण कायद्याला वहीत नाव लागते. आणि त्याच कायद्यात एक दार उघडे होते. आपल्या राहत्या घरात, आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या मदतीने जो स्वतःचा धंदा करतो, त्याला कायदा लागू नव्हता. हेतू चांगला होता. नवरा-बायको आणि मुले मिळून चार बिड्या वळून विकतात, त्यांच्यामागे इन्स्पेक्टर कशाला लावायचा? पण सट्टेदाराच्या वहीत साऱ्या गल्लीच्या बिड्या एका कुटुंबाच्या नावावर चढल्या, की बाहेरून पाहणाऱ्याला गल्ली दिसत नाही. एक मोठे कुटुंब दिसते.

इथे मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येते. लहान मालकाला सूट असावी का?

माझे उत्तर एकदम 'नाही' असे नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी किराण्याचे दुकान आहे, शिलाईचे काम आहे, पिठाची गिरणी आहे. लहान मालक म्हणजे कोण? जो स्वतः पहाटे शटर उघडतो, ज्याच्याकडे कारकून नाही, वकील नाही, आणि ज्याच्या दोन नोकरांपैकी एकाने गल्ल्यात हात घातला तर महिन्याचा नफा जातो. मोठ्या गिरणीत एक माणूस न पटणारा असला तर त्याला दुसऱ्या खात्यात बसवता येते. आठ बाय दहाच्या दुकानात दुसरे खाते कुठले? रोज एकाच बाकावर बसायचे आहे. म्हणून जगभर कायद्यांनी लहान मालकाकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे, आणि त्यात गैर काही नाही.

पण ती सूट कशाची आहे, ते पाहा. ऑस्ट्रेलियात २००९ च्या कायद्याप्रमाणे १५ पेक्षा कमी नोकर असलेला मालक लहान समजला जातो. मोठ्या ठिकाणी सहा महिन्यांनी नोकराला अन्यायाने काढल्याची दाद मागता येते, लहान ठिकाणी बारा महिन्यांनी. लहान मालकासाठी तिथे एक सोपी नियमावली केली आहे: चोरीमारीसारखी गोष्ट नसेल तर आधी ताकीद द्या, कारण सांगा, सुधारायला संधी द्या, त्याचे म्हणणे ऐका. म्हणजे मालकाला कागदपत्रांची सूट आहे, कारण सांगण्याची नाही. जर्मनीत २००४ पासून साधारणपणे दहापर्यंत नोकर असलेल्या ठिकाणी बरखास्तीविरुद्धचा मुख्य कायदा लागू होत नाही. परंतु तिथल्या घटना-न्यायालयाने १९९८ सालीच बजावले होते, की लहान मालकालाही मनमानी करता येणार नाही, वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाचा काही विचार करावाच लागेल.

आपल्याकडे काय आहे? सगळ्या सभासदांनी हे नीट ऐकावे, कारण "आपण लहान, आपल्याला कायदा नाही," असे पुष्कळ जण समजतात, आणि ते अर्धेच खरे आहे.

१९४८ च्या दुकानांच्या कायद्यात लहान दुकानातल्या नोकरालाही आधार होता. वर्षभर काम केले असेल तर ३० दिवसांची लेखी नोटीस, तीन महिन्यांहून अधिक केले असेल तर १४ दिवसांची. २०१७ साली महाराष्ट्रात नवा कायदा आला आणि १० पेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांना त्याच्या बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. २०२५ साली तो आकडा २० वर नेला. आपल्या बाजारात वीस नोकर असलेली दुकाने किती, ते तुम्हीच बोटांवर मोजा.

कारखान्यांचे पाहा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० आणि त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगार-कपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, आणि हा आकडा ३०० झाला. त्याच दिवशी १९६६ चा बिडी कायदाही गेला. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या संहितेत बिडीच्या जागेचा परवाना आहे, घरच्या कुटुंबाला दिलेली ती जुनी सूटही आहे. पण मला पाठ असलेले ३१ वे कलम आता केवळ पाठच राहिले आहे.

पण सगळेच गेलेले नाही. जिथे ती संहिता लागू आहे, तिथे मालक लहान असो की मोठा, वर्षभर काम केलेल्या कामगाराला गरज नाही म्हणून कमी करायचे असेल, तर महिन्याची नोटीस आणि केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावाच लागतो. वर्ष म्हणजे कायद्याच्या हिशेबाने २४० दिवसांचे काम. एकट्या कामगारालाही आपल्या बरखास्तीविरुद्ध दाद मागता येते. मात्र पूर्वी त्याला तीन वर्षांची मुदत होती, आता दोन वर्षांची आहे. ज्या भगिनींचे भाऊ, मुलगे धानाच्या गिरण्यांत आहेत, त्यांनी हे घरी जाऊन जरूर सांगावे. आणि हजेरीचा काही ना काही कागद जपून ठेवायला सांगावे. २४० दिवस मोजायचे तर कुठेतरी लिहिलेले असावे लागतात.

आता आपल्या उंबरठ्याच्या आतले. त्या संहितेत 'उद्योग' या शब्दातून घरकाम वगळले आहे. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या, पोळ्या करणाऱ्या बाया महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्याप्रमाणे घरेलू कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवू शकतात, हे चांगलेच आहे. पण आपण उद्या तिला "येऊ नको" म्हटले तर विचारणारे कोणी नाही. धर्मादाय आणि समाजसेवी संस्थाही संहितेने वगळल्या आहेत. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या प्रसिद्ध निकालपत्रात, 'उद्योग' या शब्दात क्लब, संस्था, दवाखाने सारे आणले होते, आणि ज्या छोट्या संस्थेत सभासदच सारे करतात, नोकर नावापुरते, तेवढ्यांनाच बाहेर ठेवले होते. आपले मंडळ आज यातल्या कुठल्या रकान्यात बसते, यावर वकील वाद घालू शकतील. त्यात मी पडत नाही.

कारण माझा प्रश्न निराळा आहे. त्या दिवशी मी बाईंना काढले, तेव्हा मी कायद्यातल्या सुटीचा विचार केला नव्हता. माझ्या मनात एवढेच होते की आपल्याला विचारणार कोण? सट्टेदाराच्या मनात तरी दुसरे काय होते? "समितीने ठरवले आहे" आणि "मालकाला विचार" या दोन वाक्यांत काय फरक आहे, ते मला त्या रात्री कोणी सांगितले असते तर मी तिचे पाय धरले असते. फरक नव्हताच. मी माझ्या आईच्या सट्टेदाराच्या जागी जाऊन बसले होते.

मी भाऊबीज होईपर्यंत थांबले, आणि बाईंच्या घरी गेले. तेव्हा कळले. त्यांच्या मुलीला सिकलसेलचा आजार आहे. आपल्या या पूर्व विदर्भात किती घरांत तो आहे, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत मुलीला दुखण्याचा जोरात झटका आला आणि दवाखान्यात ठेवावे लागले. बाईंनी शेजारच्या मुलाबरोबर निरोप पाठवला होता; तो मंडळाच्या दाराला कुलूप पाहून परत गेला. आपण त्या वेळी बाजारात बेसन आणायला गेलो होतो.

मी क्षमा मागितली. बाईंनी चहा केला. मी म्हटले, उद्यापासून या. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोलावलं, बरं वाटलं. पण येईन तर माझं नाव वहीत लिहा. माझं एकटीचं नको, सातही जणींचं लिहा. नाही तर आज मला बोलावलं, उद्या दुसरीला काढाल."

माझ्या आईने जे मागितले असते, ते तिने मागितले. पण आईने फक्त स्वतःसाठी मागितले असते. ही बाई सातांसाठी बोलली.

मी लगेच हो म्हणू शकले नाही, कारण समितीचा निर्णय आता मला खरोखरच घ्यायचा होता! बैठकीत वाद झाला, हे मी लपवत नाही. आपल्यातल्या काही जणी म्हणाल्या, आपण सेवाभावी मंडळ. आपण काय गिरणीमालक आहोत? नोटीस-बिटीस सुरू केली तर उद्या विभाग बंद करायची पाळी येईल. त्यांचे म्हणणे अगदीच फोल नव्हते. आपला नफा किती, ते खजिनदारबाई आता वाचून दाखवतीलच. शेवटी संक्रांतीनंतर आपण एक वही केली. साधी, दोनशे पानी. तिच्या पहिल्या पानावर आपण जे ठरवले, ते इथे सर्वांसमोर वाचते.

एक, फराळ विभागात येणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, आल्याची तारीख आणि रोजचे काम वहीत तिच्यासमोर लिहायचे, आणि महिन्याला तिची सही किंवा अंगठा घ्यायचा. दोन, कोणाचे काम पसंत नसेल तर आधी तिला एकटीला बोलावून सांगायचे, चारचौघींत नव्हे. तीन, काढण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकायचे, आणि ऐकताना चिटणीसाखेरीज आणखी दोघी हजर असायच्या. चार, सहा महिन्यांहून अधिक काम केलेल्या बाईला महिन्याची सूचना, नाही तर महिन्याची मजुरी. पाच, कारण कागदावर लिहून द्यायचे. सहावे मी माझ्यासाठी लिहिले आहे: जे समितीने ठरवले नाही, ते समितीच्या नावावर सांगायचे नाही.

जाणकार भगिनींच्या लक्षात आले असेल, की चौथे कलम मी त्या गेलेल्या ३१ व्या कलमावरून घेतले आहे. संसदेच्या पुस्तकातून ते निघाले, तरी आपल्या दोनशे पानी वहीत ते राहायला कोणाची हरकत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वहीने काय होते? त्यांना मी केरळातल्या कण्णूरची गोष्ट सांगते. १९६८ साली, बिडी कायदा लागू होताच, तिथल्या एका बड्या मालकाने आपले काम बंद केले. सुमारे १२,००० माणसे रस्त्यावर आली. त्यांनी १९६९ च्या फेब्रुवारीत सरकारच्या मदतीने आपली सहकारी संस्था काढली, दिनेश बिडी. काल ज्यांना काढले, ते आज मालक झाले, आणि तिथे कायद्याप्रमाणे सगळे द्यायला सुरुवात झाली. पुढे बिडीचा खप उतरला, तेव्हा त्यांनी छत्र्या केल्या, नारळाच्या दुधाचे पदार्थ केले, पण संस्था मोडू दिली नाही. नोटीस आणि रजा दिली की धंदा बुडतोच, असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर आहे. प्रत्येक वेळी असेच होईल, असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी बुडेलच, असे तरी का म्हणायचे?

आता माझी एक विनंती. घरी गेल्यावर एखादी जुनी डायरी काढा. तुमच्याकडे जी बाई भांड्याला येते, जी मावशी पोळ्या करते, जो पोरगा दुकानात वजन करतो, त्यांचे नाव आणि ते केव्हापासून येतात, ती तारीख लिहा. कितीतरी जणींना तारीख आठवणार नाही. त्यांनाच विचारा. त्यांना नक्की आठवत असेल.

माझ्या आईला शेवटपर्यंत आठवत होती. तिने बिड्या वळायला सुरुवात केली तो महिना, पान बंद झाले तो दिवस. पण ते लिहून ठेवलेले कागद कुठेच नव्हते, म्हणून ती गोष्ट आज मी तोंडाने सांगते आहे.

ज्या बाईंबद्दल मी बोलले, त्या आज मागच्या ओळीत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सारे सांगितले. नाव मात्र सांगणार नाही. त्यांनी तेवढी अट घातली आहे. मघाशी आपण सर्वांनी खाल्ली, ती चकली त्यांच्या हातची आहे.

 चुकले-माकले असेल तर क्षमा असावी. आणि क्षमा करण्यापूर्वी, काय चुकले ते मला जरूर सांगावे.

जय हिंद.